मी गॅस म्हणाले

आमच्या घरात काही विकत आणायचं असलं की मला कुणी विचारत नाही. फ्रिज आला तेव्हा विचारलं नाही, सोफा आला तेव्हाही नाही. मीही कधी तोंड उघडलं नाही. चार माणसांत बोलायची मला सवयच नाही. पाहुणे आले आणि चहा झाला की मी आतून भांडं वाजवते. मग हे उठून येतात आणि ट्रे घेऊन जातात. लग्नाला तीस वर्षं झाली, नांदेडला येऊन बावीस झाली, तरी असंच चालू आहे. म्हणून त्या दिवशी माझ्या तोंडून एक शब्द बाहेर पडला तेव्हा सगळ्यांत जास्त मीच दचकले.

मुलानं गच्चीवर पत्रे टाकून घेतले होते. खाली फरशी बसवली, दोन खुर्च्या आणल्या. आता रविवारी गच्चीवर बसून कोंबडी भाजून खायची असं त्याच्या मनात आलं. त्यानं मोबाईलवर दोन शेगड्या काढल्या. एक कोळशाची होती, चार पायांवर उभी काळी पेटी आणि वर जाळी. दुसरी गॅसची होती, तिला झाकण, बटणं आणि बाजूला सिलिंडरची नळी. लातूरहून धाकटे दीर आणि जाऊबाई आले होते. बैठकीत मोबाईल हातोहात फिरू लागला.

"कोळसाच घ्या," दीर म्हणाले. "त्याची चव लई न्यारी."

"हाव," हे म्हणाले. "गॅसवरचं तर रोजच खातो."

"भाजलेलं म्हंजे कोळशावरचंच," जाऊबाई म्हणाल्या. त्या लातूरला तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या घरात कोळशाचा तुकडा सापडणार नाही.

मी चहाचे कप गोळा करायला बाहेर आले होते. मुलगा हसत म्हणाला, "माय, तू सांग. कोळसा का गॅस?"

"गॅस," मी म्हणाले.

सगळे एकदम हसले. दीर म्हणाले, "वैनी, गॅसवर पापड भाजतेत." हे तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी कप घेऊन आत गेले. आठ दिवसांत कोळशाची शेगडी घरी आली.

पुढे काय झालं ते मी या वहीत लिहिते आहे. मुलाच्या कॉलेजच्या रजिस्टरमध्ये कोरी पानं राहिली होती, ती मी घेतली आहेत. मी चौथी शिकले. जोडाक्षर लिहिताना अजून हात थांबतो, पण मला काय म्हणायचं ते मला पक्कं माहीत असतं. तोंडानं बोलता येत नाही म्हणून माणसाला मत नसतं असं नाही.

गॅस का म्हणाले ते मला त्या वेळी कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता आलं असतं की नाही, माहीत नाही. कारण सांगायचं म्हणजे निलंग्यापासून सुरुवात करावी लागली असती.

माझी माय निलंग्याच्या बस स्टँडबाहेर मक्याची कणसं भाजून विकायची. पोत्यावर बसायची, पुढे कोळशाची शेगडी. कोळसा विकत घेणं परवडायचं नाही. घरी स्वयंपाक झाला की ती चुलीतली जळती लाकडं ओढून त्यांवर पाणी मारायची. चर्र आवाज व्हायचा आणि वाफेनं सगळं घर भरून जायचं. विझलेले निखारे आम्ही उन्हात वाळवायचो आणि दुसऱ्या दिवशी तेच शेगडीत. असा कोळसा हलका असतो. तो सारखा वारा मागतो. हात थांबला की काळा पडतो. आणि गाडी तर दोन-चार मिनिटंच थांबायची. तेवढ्यात कणीस सोलायचं, भाजायचं, लिंबू-मीठ लावायचं आणि खिडकीतून वर द्यायचं. एका माणसाच्या हातानं हे होत नाही. वारा घालायला दुसरं माणूस लागतं.

ते माणूस मी झाले. चौथीचा निकाल लागला आणि पाचवीचं नाव घालायच्या वेळी माय म्हणाली, "वारा कोन घालंल?" शाळेतल्या बाई घरी विचारायला आल्या होत्या, त्यांनाही तिनं हेच विचारलं. मी पुठ्ठा घेऊन बसले ते लग्न होईपर्यंत. कोळसा तडकला की ठिणगी उडायची. माझ्या सगळ्या परकरांना बारीक भोकं होती. संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं यायचं. मायचा खोकला तर आम्हाला ऐकूही यायचा नाही, इतकी सवय झाली होती. मायला मी दोष देत नाही. तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

पण कोळसा मला जितका कळतो तितका या घरात कुणाला कळत नाही, हे मी ठामपणे लिहिते. बाभळीचा कोळसा हातात जड लागतो, एकमेकांवर आपटला तर धातूसारखा खणखणतो. आंब्याचा भसकन पेटतो आणि भसकन संपतो. ज्वाळा दिसते तोवर वर काही ठेवायचं नसतं. वरून राखेची पांढरी साय धरली आणि आत लाल राहिला की मग ठेवायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. ते माझ्या डोळ्यांत आणि छातीत गेलं आहे.

लग्नानंतर सासरी चूलच होती. नांदेडला आल्यावर पहिल्यांदा गॅस आला. सासूबाई म्हणाल्या, "गॅसवरचं खाल्लं की पोट फुगतंय." त्यांनी महिनाभर गॅसवरची भाकरी खाल्ली नाही. मी मात्र पहिल्या दिवशी दुपारी एकटीच ओट्यापाशी उभी राहून बटण लावून बघितलं. मोठा केला, बारीक केला, बंद केला, पुन्हा लावला. मला हसू आलं. भाजी ठेवून मी अंगणात गेले, दोरीवरचे कपडे काढले, परत आले. गॅस होता तसाच होता. चूल माणसाला समोर धरून ठेवते. जरा उठलं की विझते, नाहीतर दूध उतू घालवते. गॅस म्हणतो, जा बाई, ये जाऊन. त्या दिवशी मी स्वयंपाक शिजत असताना खिडकीत उभी राहून दोन मिनिटं रस्ता बघितला. त्याआधी असं कधी केलं नव्हतं.

मग गेल्या काही वर्षांत माणसांना पुन्हा चुलीची आठवण झाली. लातूरला जाता-येता रस्त्यावर जागोजागी पाट्या दिसू लागल्या, 'चुलीवरचं मटण', 'चुलीवरची भाकर'. हे आणि दीर तिथं थांबल्याशिवाय पुढे जातच नाहीत. एकदा लोह्याजवळ असेच थांबलो होतो. हे बोटं चाटत म्हणाले, "बघ, ह्याला म्हंतेत चव. आता घरी अशी व्हतच न्हाई." मी हात धुवायला मागच्या बाजूला गेले. तिथं पत्र्याच्या आडोशाला तीन चुली लावलेल्या. माझ्या वयाची एक बाई भाकरी थापत होती. डोळे लाल, कपाळाला राख. उन्हाळ्याचे दिवस होते.

मी उगाच विचारलं, "जेवलात का?"

ती म्हणाली, "गिऱ्हाईक सरल्यावर." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमच्याकडं गॅस असंल न्हवं?"

"हाय," मी म्हणाले.

"माझ्याकडं बी हाय घरी," ती म्हणाली आणि जोरात हसली. "इथं गॅस लावला तर कोन येतंय खायला?"

मी परत येऊन गाडीत बसले. हे अजून चवीचंच बोलत होते. मला काय दिसलं ते मी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

आता त्या रविवारचं. दीर आणि जाऊबाई मुद्दाम लातूरहून आले होते. सकाळीच मी कोंबडीला दही, आलं-लसूण, तिखट, मीठ लावून ठेवलं. स्वयंपाकाला माझी ना कधीच नव्हती. कांदा, लिंबू, भाकरी, सगळं तयार केलं. सून खालीच होती. तिची शिक्षक भरतीची परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. चार वाजता सगळे गच्चीवर गेले. मी पाण्याची कळशी घेऊन मागून गेले.

ह्यांनी बाजारातून पोतंभर कोळसा आणला होता. शेगडी गच्च भरली आणि काड्या ओढायला सुरुवात केली. कोळसा काडीनं पेटत नसतो. अर्धी पेटी संपली. मग कागद जाळले. दीर म्हणाले, "गाडीतलं जरा पेट्रोल काढू का?" मुलगा ओरडला, "काका, घर पेटंल!" मग हे खाली गेले आणि देवघरातली कापराची डबी घेऊन वर आले. सगळ्यांनी वाहवा केली. कापरानं वरचे चार तुकडे पेटले. लगेच ह्यांनी जाळीवर कोंबडी मांडली.

मला दिसत होतं की ज्वाळा आहे, अजून ठेवायचं नाही. मी कळशी ठेवून खुर्चीवर बसले.

ज्वाळा खाली बसली आणि कोळसा काळा पडला. हे पुन्हा खालून कापूर टाकू लागले, वर कोंबडी तशीच. एक वडी, दोन वड्या, मग मूठभर. शेवटी दिरांनी एक तुकडा उचलून तोंडात टाकला. चावता चावता थांबले.

"दादा," ते म्हणाले, "ह्याला आरतीचा वास यायला."

जाऊबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "घ्या, आता हात जोडून खा."

सगळे हसले, मीही हसले. हे सोडून. ह्यांचं तोंड घामानं आणि रागानं लाल झालं होतं. ह्यांनी इकडं-तिकडं बघितलं आणि खोक्याचा एक पुठ्ठा फाडून माझ्यासमोर धरला.

"ये. बस जरा. दोन मिन्टाचं काम हाय."

"हाव, वैनीला द्या," दीर म्हणाले. "निलंग्याच्या हायेत त्या. त्यांचा हात बसलेला हाय."

त्यांनी कौतुकानंच म्हटलं, मला माहीत आहे. पण पुठ्ठा समोर आला आणि माझ्या दंडात कळ आली, खरोखरची कळ, जणू मी आत्ताच दिवसभर वारा घालून उठले आहे. मी खुर्चीवर बसले होते. हात पदराखाली घेतले.

"न्हाई," मी म्हणाले.

"न्हाई म्हंजे?"

"न्हाई म्हंजे मी बसणार न्हाई."

ह्यांनी असं काही माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. पुठ्ठा तसाच हवेत धरून राहिले. दीर म्हणाले, "काय करायलाव वैनी, उठा की. दादाची गंमत झाली आता." मी उठले नाही.

तेवढ्यात सून कांद्याची थाळी घेऊन वर आली. तिनं सगळ्यांची तोंडं बघितली, थाळी खाली ठेवली आणि ह्यांच्या हातातल्या पुठ्ठ्याला हात घातला. "द्या बाबा, मी घालते वारा."

मी उभी राहिले. "तू जा खाली. तुझी परीक्षा हाय."

"आत्या, पाच मिनिटांनी काय होतंय?"

"पाच मिनिटं नसतेत ती," मी म्हणाले. "मला म्हाईत हाय. ठेव तो पुठ्ठा."

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या गच्चीवर कपडे काढणारी बाईही थांबून बघू लागली. सुनेनं पुठ्ठा सोडला आणि जिन्याकडं गेली. जाताना तिनं एकदा वळून बघितलं.

"मग कोन बसणार?" हे म्हणाले. आवाज दबका होता, दातांतून आलेला.

"ज्याला चव पायजे तो."

मग जाऊबाई दिरांना म्हणाल्या, "ऐकलं न्हवं? बसा आता. तुमालाच पायजे होती न्यारी चव."

मी परत खुर्चीवर बसले.

हे बसले, मग दीर बसले, मग मुलगा. तिघांनी पाळीपाळीनं वारा घातला. धूर तोंडावर आला की उठायचे, खोकायचे, बाजू बदलायचे. धूर त्यांच्या मागे मागे जायचा. धुराला माणूस कळतं, असं माझी माय म्हणायची. एक तुकडा बाहेरून काळा ठिक्कर आणि आतून लाल निघाला. मी बघत राहिले. सांगितलं असतं तर कोंबडी वाया गेली नसती. अन्न वाया जाताना बघणं मला सोपं नव्हतं. तरी सांगितलं नाही. त्या दिवशी मी एक शब्द जरी सांगितला असता, तर पुढचा शब्द 'मग तूच कर' हा आला असता.

दिवस मावळायच्या आत मी उरलेली अर्धी कोंबडी खाली नेली, कढईत तेल टाकून गॅसवर परतली. भाकऱ्या तयारच होत्या. सगळे हात-तोंड धुऊन ताटावर बसले आणि मुकाट्यानं जेवले. सगळ्यांनी दोनदा वाढून घेतलं. चवीचं कुणी काढलं नाही.

पाहुणे गेल्यावर हे म्हणाले, "चार मान्सांत घालवलीस माझी."

मी म्हणाले, "मला चार मान्सांत वारा घालायला बसवत व्हताव, ते?"

ते उठून गेले. मग आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पूर्वी असं झालं असतं तर मी तिसऱ्या दिवशी काहीतरी गोड करून वाढलं असतं. या वेळी केलं नाही. वरण, भात, भाजी, भाकरी, रोजचं सगळं केलं. माफी मागितली नाही, कारण माझी चूक नव्हती. हे मी या वहीत चारदा लिहून बघितलं आणि चारही वेळा तसंच उतरलं.

पुढच्या रविवारी हे एकटेच दोन वांगी घेऊन गच्चीवर गेले. माणूस हट्टी आहे. थोड्या वेळानं जिन्यात आवाज आला. माझ्याकडं न बघता, जिन्याच्या भिंतीला विचारावं तसं म्हणाले, "कोळसा तयार झालेला कसा वळखायचा म्हनं?"

मी भाजी निवडत होते. "पांढरा झाल्यावर," मी म्हणाले. "ज्वाळ दिसली तर थांबायचं. आन् थोडाच भरा, गच्च न्हाई. खालून हवा जाऊ द्या."

ते वर गेले. मी वर गेले नाही. तेव्हापासून असंच सुरू झालं. प्रश्न जिन्यात यायचा, उत्तर मी ओट्यापाशी उभी राहून द्यायची. एकदा म्हणाले, "डोळे लई चुरचुरतेत." मी म्हणाले, "हाव." एवढंच. मला आणखी पुष्कळ म्हणता आलं असतं. त्यांनी डोळ्यांवर पाणी मारलं आणि टॉवेल तोंडाला धरून बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "तुज्या मायनं किती वर्सं केलं गं हे?" मी सांगितलं. त्या दिवसापासून वारा घालायला त्यांनी कुणालाही हाक मारली नाही.

सुनेची परीक्षा झाली. निकाल अजून लागायचा आहे.

आता खरं सांगायचं तर कोळशावरची चव चांगलीच असते. मी कधीच नाही म्हटलं नव्हतं. वांग्याच्या सालीखाली जो वास उतरतो तो गॅसच्या जाळीवर येत नाही. मी गॅसवर भरीत करते, त्याला तो वास नसतो, नसू दे. माझ्या भरताला मी उभी राहते तेवढा वेळ लागतो, आणि तेवढ्यात माझं नाक काळं होत नाही. कुणाला जास्तीची चव पाहिजे असली तर गच्ची मोकळी आहे, पोत्यात कोळसा आहे.

गेल्या रविवारी दीर आले नव्हते, मुलगा बाहेर गेला होता. ह्यांनी कोंबडी भाजली. मी खुर्चीवर बसले होते. पूर्वी मी सगळ्यांचं झाल्यावर जेवायची, तेव्हा हाताशी जे येई ते गार झालेलं असे. आता ताट माझ्या मांडीवर होतं. ह्यांनी चिमट्यानं एक तुकडा उचलून माझ्या ताटात टाकला. चरचर आवाज अजून चालू होता. बोट भाजलं. मी फुंकर मारून खाल्ला. वरून कुरकुरीत, आतून मऊ, मीठही बरोबर.

"जमलंय का?" त्यांनी विचारलं. घाम पुसायचा राहिला होता, कपाळाला राख लागलेली.

"जमलंय," मी म्हणाले आणि ताट पुढं केलं. "अजून एक द्या. मोठा बघून द्या."